हात लावायचा नाही

"एका वाक्यात सांगा," साहेब म्हणाले. "तुमची नेमकी मागणी काय आहे, ती एका वाक्यात सांगा."

हे ते औषधवाल्याला म्हणत होते. औषधवाला आमच्या तळे बचाव समितीचा अध्यक्ष. माणूस सज्जन, पण एकदा माइक हातात आला की शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचा. त्याचं बोलणं चालू असताना पुढच्या रांगेतल्या दोघांची झोप काढून झाली होती. साहेब नगरपालिकेच्या पाणी खात्याचे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग परत घड्याळाकडे.

"साहेब, आमचं निवेदन असं आहे की, एकंदर परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार करता..." औषधवाल्यानं पुन्हा सुरुवात केली.

मी उठले. मला माइक लागत नाही.

"वाक्यच हवं ना? घ्या. आमच्या तळ्याला कुणी हात लावायचा नाही! झालं वाक्य. आता त्या पाइपाचं काय ते बोला."

सभागृह हललं. मागून एकच टाळी सगळ्यांच्या वर वाजत होती, ती भावजींची. त्यांचे पंजे म्हणजे वल्हीच. साहेबांनीही मान हलवली आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "हे जसंच्या तसं लिहून घ्या."

मला काय वाटलं ते लपवत नाही. बरं वाटलं. मी शाळेत गेले ती पाटी पुसायला शिकून परत आले. माझं बोलणं कुणी जसंच्या तसं लिहून घेईल असं माझ्या बापालाही वाटलं नसतं.

आमचं तळं म्हणजे काही समुद्र नव्हे. या काठावरून शिवी दिली तर त्या काठाला ऐकू जाते. मी देऊन पाहिली आहे. खालच्या बाजूला आमची आळी, तिच्यात आमचं गाद्या-उशांचं दुकान. वरच्या बाजूला चढावर पूर्वी नुसतं गवत होतं. तिथे नवी घरं झाली, गॅलऱ्या तळ्याच्या दिशेनं काढल्या, आणि सांडपाण्याचा पाइप वेताच्या झाडीमागून गुपचूप तळ्यात सोडला. पाण्याकडे बघत चहा प्यायचा आणि त्याच पाण्यात घाण सोडायची. पुढे पाणी हिरवं झालं, मग दाट झालं, मग त्याला वास सुटला. पोहायला गेलेली पोरं अंग खाजवत घरी यायला लागली. हे सगळ्यात आधी कळलं ते औषधवाल्याला, कारण खाजेचं मलम त्याच्याकडे पुरेना. धंदा वाढला म्हणून ओरडणारा दुकानदार मी तो पहिलाच पाहिला.

पण मी त्या समितीत गेले ती मलमासाठी नाही, की तळ्यासाठीही नाही. मी गेले भावजींसाठी.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा भावजी दाराच्या आड उभे राहिले तर दिसायचे नाहीत, एवढेसे. वर्ष व्हायच्या आत सासूबाई गेल्या आणि माझा धाकटा दीर माझ्या पदरात पडला. आमच्या घरात दिराला, तो केवढासाही असो, अहोजाहो करायची रीत. त्यामुळे मी त्यांचं नाक पुसतानासुद्धा "इकडे या, शिंकरा बघू" असंच म्हणायचे. बाहेरची माणसं हसायची. हसू देत. मी वाढवलेला माणूस आहे तो. त्याला अरेतुरे करणाऱ्याला मी दारात उभं केलं नाही.

दुकानात त्यांचा उपयोग कमीच. कापूस नाकात गेला की एकामागून एक अशा शिंका, की ग्राहकाला वाटावं गादीतच काही दोष आहे. शेवटी यजमानांनी त्यांना तयार गाद्या पोचवायचं काम दिलं. डोक्यावर गादी, दोन्ही हात वर, पाय फाकलेले. आळी त्यांना बदक म्हणायची. चालणं पण बदकाचं आणि राहणंही. सकाळी तळ्यात, संध्याकाळी तळ्यात. लग्न दोनदा जमवत आणलं, दोन्ही वेळा हे मुलीच्या घरी ओल्या केसांनी गेले. दुसऱ्या वेळी मुलीच्या आईनं विचारलं, "बाहेर पाऊस आहे का?" तर म्हणाले, "नाही, मी आहे." संपलं.

या आळीत ज्याला पोहता येतं त्याला भावजींनी शिकवलेलं. माझे दोन्ही मुलगे, औषधवाला, त्याचे भाऊ, सगळे. शिकवायची त्यांची एकच पद्धत. पोराला पाण्यावर पालथं घालायचं, पोटाखाली पंजा धरायचा आणि म्हणत राहायचं, "हात आहे. हात आहे. मार पाय. हात आहे." पोरगं पाय मारत सुटायचं. हात कधीच काढून घेतलेला असायचा. पोरगं लांब गेलं की हे मागे उभे, दोन्ही हात पाण्याबाहेर काढून दाखवायचे, आणि ते पोर वळून बघायचं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असायचं.

"खोटं बोलता तुम्ही लेकरांशी," मी म्हणायचे.

"खोटं कुठे, वहिनी? हात असतोच. फक्त लावलेला नसतो."

मलाही शिकवायचं त्यांच्या फार मनात. यजमान गेल्यावर जरा जास्तच मागे लागले. "वहिनी, अंग हलकं होतं. सगळं ओझं पाणी घेतं." मी म्हणायचे, "मी आजवर कुणाच्या हातावर तरंगले नाही, आता म्हातारपणी तरंगू?" पण पाणी नासलं, त्यांच्याकडे यायची पोरं बंद झाली, आयांनी पोरांना काठावर जायची बंदी घातली, आणि हा माणूस पायरीवर एकटा बसायला लागला. त्या दिवसांत एकदा म्हणाले, "तळं साफ झालं ना वहिनी, की पहिली पाळी तुमची."

"बघू," मी म्हटलं.

मी बघू म्हणते तेव्हा ते हो असतं, हे आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे.

सभेनंतर मोर्चा ठरला. फलक आमच्याच दुकानात तयार झाला, गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर, म्हणजे वाऱ्यापावसाला दाद देणार नाही असा. कापड जमिनीवर अंथरून भावजी गुडघ्यांवर बसले होते, हातात कुंचला, नाकाला निळा रंग. अक्षरं एवढाली मोठी. ‘आमच्या तळ्याला कुणी हात लावायचा नाही’. कापसाचे बारीक तंतू ओल्या रंगावर बसत होते आणि हे शिंकत होते. प्रत्येक शिंकेला एक अक्षर वाकडं.

सून कचेरीतून आली. शिकलेली आहे, कमी बोलते. तिनं उभ्या उभ्या वाचलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "आई, ते ‘कुणी’ जरा मोठं होतंय का?"

"मोठंच हवं," मी म्हटलं. "साहेबाला चष्मा आहे. लांबून वाचता आलं पाहिजे."

"तसं नाही, आई..."

तेवढ्यात भावजी असे काही शिंकले की डब्यातला रंग त्यांच्याच कपाळावर उडाला. सून हसायला लागली, मीही हसले, आणि तिचं बोलणं राहून गेलं. मी समजले होते ती अक्षराबद्दल बोलते आहे. सून गुणाची आहे. पुढे एकदासुद्धा म्हणाली नाही, की मी तेव्हाच सांगत होते. म्हणाली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

मोर्च्याला अर्धं गाव आलं. फलकाचं एक टोक भावजींकडे, एक औषधवाल्याकडे. आश्चर्य म्हणजे वरच्या घरांतली माणसंही चढ उतरून खाली आली. इतकी वर्षं त्यांनी आणि आम्ही एकमेकांना पाण्यातच पाहिलेलं. त्यांच्यातली एक बाई मला म्हणाली, "खरंच हो, आम्हाला माहीतच नव्हतं आमचा पाइप कुठे जातो."

"मग काय वाटलं? स्वर्गात?"

बाई खजील झाली आणि माझ्याच शेजारी उभी राहून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागली. "तळ्याला कुणी हात लावायचा नाही!" घसा बरा होता तिचा. मी तिला नंतर एक उशी स्वस्तात दिली.

आणि आम्ही जिंकलो. नगरपालिकेनं ठराव केला, पाइप उकरून काढला, वरच्या घरांचं सांडपाणी दुसरीकडे वळवलं, गाळ उपसला. पाणी लगेच साफ झालं नाही. आधी चहासारखं झालं, मग पातळ चहासारखं, आणि एका सकाळी भावजी धावत दुकानात आले. "वहिनी, तळाचे दगड दिसतायत!" भर ग्राहकांत त्यांनी माझा हात धरून मला काठावर नेलं. दगड दिसत होते. त्या दगडांवरून एक मासा असा चालला होता, जसा काही घरमालकच.

"मग? कधी?" भावजी म्हणाले.

"थंडी सरू दे," मी म्हटलं.

थंडी सरेपर्यंत तळ्याभोवती लोखंडी कठडा आला, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, कचरा टाकणारे बाहेर राहतील. कुलूप दिसलं की प्रत्येकाला ते दुसऱ्यासाठी आहे असंच वाटतं. मग फलक आला. निळा पत्रा, पांढरी अक्षरं. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "वाचा आजी, तुमचंच आहे."

मी अक्षर अक्षर लावून वाचलं. ‘या तळ्यास कोणीही हात लावू नये.’ माझ्या वाक्याला त्यांनी जरा इस्त्री केली होती. फलकाखाली उभं करून माझा फोटो काढला. भावजी फोटो काढणाऱ्याच्या मागे उभे राहून मला ‘हसा, हसा’ अशा खुणा करत होते. तो फोटो घरात आहे. मी हसलेली आहे.

पुढची गोष्ट त्याच आठवड्यातली. सकाळची वेळ. भावजी कोरडे कपडे न्यायला नेहमी विसरायचे, म्हणून ते घेऊन मी काठाकडे निघाले होते, तर शिट्टी ऐकू आली. लांब, कर्कश. कठड्याशी नवा रखवालदार उभा होता, गणवेशाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. तळ्याच्या मधोमध भावजींचं डोकं.

"काका! बाहेर या!"

"कोण रे?"

"मी आहे, काका."

"अरे, तू होय! ये की आत. पाणी बघ कसलं झालंय!"

"काका, बाहेर या ना. मला नोकरी आहे."

"मलाही आहे. गाद्या पोचवायच्यात. एक फेरी मारून आलोच."

त्यानं पुन्हा शिट्टी मारली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा आमच्याच आळीतला, लहानपणी पाण्याला एवढा भ्यायचा की तोंड धुतानाही रडायचा.

"काय रे ए, शिट्ट्या कुणाला मारतोस? याच पाण्यात ‘मेलो, मेलो’ म्हणून ओरडत होतास. कुणी धरलं होतं तुला?"

"काकांनी."

"मग?"

"काकू, फलकावर लिहिलंय," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता. "तुमचंच वाक्य आहे म्हणतात."

मी फलकाकडे पाहिलं.

तोवर भावजी काठाला आले होते. कठड्यावरून पाय टाकून बाहेर आले, अंगावरून पाणी गळत होतं. मी टॉवेल पुढे केला, त्यांनी घेतला नाही. फलकासमोर जाऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच ते वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं.

"कोणीही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, कोणीही म्हणजे मी पण की हो."

आणि हसले. आपल्यावर कुणी चांगला विनोद केला तर माणूस दाद देतो, तसे हसले. रखवालदाराच्या खांद्यावर त्यांनी ओला पंजा ठेवला. "शिट्टी चांगली वाजवतोस रे. छातीत दम आला. पाण्याखाली श्वास धरायला लावायचो ना, त्याचा उपयोग झाला बघ."

त्या पोराच्या नव्या गणवेशावर पंजाचा ओला ठसा उमटला. तो त्यानं पुसला नाही.

मी तशीच तडक नगरपालिकेत गेले. केसांत कापूस, हातात भावजींचा टॉवेल. कारकून म्हणाला, थांबा. मी थांबले नाही.

"माझं वाक्य मला परत द्या," मी साहेबांना म्हटलं.

"आजी, बसा आधी. कुठलं वाक्य?"

"पत्र्यावर लावलंय ते. मी तसं म्हटलं नव्हतं."

"काना-मात्रेचा फरक असेल, आजी. अर्थ तोच ठेवलाय."

"अर्थ तोच?" मी टॉवेल टेबलावर आपटला. "पोराला कुणी मारायला धावलं तर आई काय म्हणते? माझ्या पोराला हात लावायचा नाही! म्हणते की नाही? मग काय आईनं त्या पोराला न्हाऊ घालायचं नाही? त्याचं अंग पुसायचं नाही? कुणी म्हणजे ते लोक, साहेब. कुणी म्हणजे आम्ही नव्हे. हे सांगावं लागतं का?"

साहेब हसले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कळतं मला. माझी आईही असंच बोलायची. पण आजी, ते पाणी आता गाळून नळाला सोडतोय आपण. तुमच्या आळीत, वरच्या घरांत, दवाखान्यात. माणसं उतरलेलं पाणी तपासणीत वेगळं निघतं. तुमच्या दिराला सोडलं तर उद्या दुसरा येईल, तो म्हणेल मला का नाही. त्याला काय सांगू?"

"सांगा की हे सगळ्यांना पोहायला शिकवतात."

"ते कुठल्या नियमात बसवू?"

मी टेबलावरचा टॉवेल उचलला. साहेब नालायक असता तर बरं झालं असतं. नालायकाशी कसं बोलायचं ते मला येतं. हा माणूस आमच्यासाठीच पाणी राखून बसला होता, आणि तेही माझ्याच तोंडचं वाक्य घेऊन.

"निदान ‘कोणीही’ तेवढं काढा," मी म्हटलं.

"ठराव झालाय, आजी."

औषधवाल्याला गाठलं. त्यानं हात वर केले नाहीत, एवढं खरं. बिचारा तीन कचेऱ्या हिंडून आला. मग म्हणाला, "वहिनी, आपण तळं वाचवायला निघालो होतो. ते वाचलंय." खरंच होतं ते. खोटं असतं तर त्यालाही सोडलं नसतं मी.

भावजी मात्र मलाच समजवायचे. "पाणी साफ झालं ना वहिनी? तेच तर पाहिजे होतं आपल्याला."

"तुम्हाला काय पाहिजे होतं ते मला सांगू नका," मी म्हणायचे.

काही दिवस त्यांनी एक खूळ काढलं. दुकान बंद केल्यावर जमिनीवर गाद्या पसरायच्या, आळीतली पोरं गोळा करायची आणि कोरडंच पोहायला शिकवायचं. पोरं पालथी पडून हातपाय झाडायची, हे पोटाखाली पंजा धरून, "हात आहे. हात आहे. मार पाय." कापूस उडायचा, हे शिंकायचे, पोरं खिदळायची. माझ्या शिवलेल्या गाद्यांची पार दशा झाली, पण मी बोलले नाही. एका संध्याकाळी एक चिमुरडी ओरडली, "काका, काका! हात काढला तरी मी बुडत नाही!"

सगळे हसले. तीही हसली, भावजीही हसले. हसता हसता त्यांनी आपला पंजा काखेत घातला आणि तिथेच ठेवला, थंडी वाजल्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाद्या पसरल्या नाहीत. पोरांनीही विचारलं नाही. पोरांना दुसरे खेळ असतात.

सकाळी ते कठड्यापर्यंत जायचे. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. रखवालदार त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवायचा, हे बसायचे नाहीत. गजावर हात ठेवून उभे राहायचे आणि परत यायचे. त्यांचे केस कोरडे पाहायची मला सवयच नव्हती. ओले असताना कळलं नव्हतं. कोरडे केस पांढरे होते.

मग एकदा चहा पिताना कप त्यांच्या हातातून सुटला. मी ओरडणार होते की नीट धरा, तर त्यांचं तोंड वाकडं दिसलं. उजवं अंग गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब, आता सेवा करा. सेवा काय करायची हे मला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती. मी त्यांच्यासाठी जुना, हलका कापूस पिंजून गादी भरली. माणूस कुठल्या कुशीवर निजतो ते गादीच्या खळग्यावरून मला कळतं. त्यांच्या गादीला खळगाच पडत नव्हता, इतके ते हलके झाले होते.

बोलणं थोडं परत आलं. शब्द तुटक, पण वहिनी हा शब्द स्वच्छ.

काल सुनेनं मोठा टब आणला, प्लास्टिकचा, माणूस आडवा मावेल एवढा. इतके दिवस ओल्या फडक्यानं अंग पुसत होतो, ती म्हणाली, एकदा त्यांना छान आंघोळ घालू. तिनं नळ सोडला. आमच्या घरात आता नळाला धो धो पाणी असतं. कोमट करायला थोडं गरम मिसळलं. तिनं पाय धरले, मी खांदे धरले, आणि आम्ही त्यांना पाण्यात उतरवलं.

पाणी लागताच त्यांनी डोळे उघडले. वरती छताकडे बघत होते. अंग ताठलं, मान मागे गेली, आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस भ्यालाय. पाण्याला. मी पटकन पाठीखाली हात घातला. माझा हात म्हणजे काही वल्हं नाही, सुया टोचून टोचून वाकडी झालेली बोटं.

"वहिनी," ते म्हणाले. "हात?"

"आहे, भावजी. हात आहे."

त्यांनी मान सैल सोडली. मग अंग सोडलं. हळूहळू त्यांचं सगळं ओझं पाण्यानं घेतलं, आणि माझ्या हातावर जवळजवळ काहीच उरलं नाही. डावा पंजा तेवढा पाण्यात हलायला लागला. बोटं एकाला एक चिकटवून, जरा खोलगट करून, जसा ते पोरांना करायला लावायचे तसा. पाणी मागे लोटत होते.

सून नळाकडे बघत म्हणाली, "आई, हे तळ्याचंच पाणी ना?"

"गप्प बस," मी म्हटलं. "शिट्टी मारेल कोणीतरी."

भावजींच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. पाणी निवायला आलं तरी पंजा थांबला नव्हता. माझी पाठ भरून आली, हाताला मुंग्या आल्या. सून म्हणाली, "आई, आता सोडलंत तरी चालेल, त्यांचं डोकं काठावर टेकलंय."

मला ते दिसत होतं. मी हात काढला नाही.